कासवाचा कोट

ज्या मुलाला आम्ही कासव म्हणत असू, तो रोज सकाळी बालवाडीत आल्यावर आपला कोट स्वतःच्या खुंटीवर न अडकवता माझ्या कोटावर अडकवत असे. त्याची स्वतःची खुंटी त्याच्या हाताच्या उंचीवर होती आणि रिकामी होती. माझी खुंटी मोठ्यांच्या रांगेत होती. तिथवर पोहोचायला त्याला बूट काढायच्या बाकावर चढून टाचा उंच कराव्या लागत.

त्या बालवाडीत मुलांच्या खुंट्यांवर नावे लिहिलेली नसत, कारण ज्याला वाचता येत नाही त्याला नावाचा काही उपयोग नसतो. नावाऐवजी चित्र असे: छत्री, होडी, किल्ली, कासव. काही दिवसांतच चित्र हेच नाव होऊन बसे, आणि आम्ही मोठी माणसेही ‘किल्लीचं नाक पुसा’ असे गंभीर चेहऱ्याने बोलत असू. चित्रे मुलांनी निवडलेली नव्हती. येणाऱ्याला उरलेले मिळे. कासव वर्षाच्या मध्येच आला, त्यामुळे त्याला कासव मिळाले, आणि पुढे तो हळू चालतो असेही सगळ्यांना वाटू लागले. तो हळू चालत नसे. मी लक्ष ठेवून पाहिले होते.

माझी गोष्टही फारशी वेगळी नव्हती. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेत होतो. शेवटच्या वर्षी काही विद्यार्थ्यांना परदेशातल्या शाळेत स्वयंसेवक म्हणून पाठवत. मोठ्या मुलांच्या शाळांमधल्या जागा माझा अर्ज पोहोचेपर्यंत भरल्या होत्या. बालवाडी शिल्लक होती. आत्या त्याच शहरात राहत असल्याने राहण्याची सोय होती. तिथली भाषा मी कॉलेजात शिकलो होतो आणि ती चार वर्षांच्या मुलाइतकी बोलू शकत होतो, त्यामुळे वर्गात कोणाचीच अडचण झाली नाही. मुलांनी पहिल्याच दिवशी माझे नाव जिराफ ठेवले. निरीक्षण अचूक असल्यामुळे मला तक्रारीला जागा नव्हती.

बालवाडी म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्याआधी एक अरुंद मार्गिका. मार्गिकेच्या भिंतीवर खाली मुलांच्या खुंट्यांची रांग आणि वर मोठ्यांची. शिक्षिकांचे कोट ऑफिसातल्या कपाटात असत; त्यात माझ्यापुरती जागा नव्हती, म्हणून वरच्या रांगेत कोट असे तो एकट्या माझाच. खोली आणि मार्गिका यांच्यामध्ये खालपर्यंत काचेचे दार होते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, माशांची पेटी होती. मोठ्या बाई, म्हणजे बालवाडीच्या प्रमुख, त्या पेटीच्या जोरावर कितीतरी वर्षे नवी मुले रमवत आल्या होत्या. नवे मूल आले की बाई त्याचा हात धरून म्हणत, “चल, तुला मासे दाखवते.” मुलाचे नाक काचेला चिकटले की त्याची आई मागच्या मागे निघून जाई. या पद्धतीला तिथे ‘मासे दाखवणे’ असेच म्हणत, आणि ‘आज होडीला मासे दाखवले’ म्हणजे काय ते सर्वांना समजे.

कासव माशांकडे कधी जात नसे. तो दाराजवळच्या टेबलाशी, मार्गिकेकडे तोंड करून बसे. ठोकळे द्या, चित्र काढायला द्या, हाताने काम चाले आणि नजर अधूनमधून काचेपलीकडे जाई. तो रडत नसे, भांडत नसे, फारसे बोलतही नसे. त्याचा कोट कोणी उचलून कासवाच्या खुंटीवर ठेवला, तर तो उठे, कोट काढे, बाकावर चढे आणि पुन्हा माझ्या कोटावर अडकवे. चेहऱ्यावर राग नसे. चुकीचे गणित दुरुस्त करणाऱ्या माणसाचा शांतपणा असे.

सगळ्यांना हे फार गोड वाटे. मलाही वाटे, हे नमूद करतो.

एके दिवशी कागदी घरे चिकटवताना डिंक संपला. समोरच्या दुकानातून मी तो आणायला निघालो. मुले खिडकीपाशी गाणे म्हणायला जमली होती आणि कासवालाही तिथे बसवले होते. मी मार्गिकेत आलो, कासवाचा कोट काढून त्याच्या खुंटीवर लावला, माझा घातला आणि गेलो. परत आलो तेव्हा रस्त्यावरूनच आवाज ऐकू आला. कासव मार्गिकेत जमिनीवर पडून ओरडत होता, इतका की शेवटी त्याला उलटी झाली. मी समोर आलो, गुडघ्यांवर बसलो, “आलो बघ मी” म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. मी कोट काढून खुंटीवर लावला, त्याने उठून आपला वर लावला, आणि हळूहळू त्याचा श्वास ताळ्यावर आला.

त्या दुपारी मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतले. बाईंचा आवाज कधी चढत नसे. त्या हळू बोलू लागल्या की वर्ग गप्प होई.

“तुझ्यावर जीव आहे त्याचा,” त्या म्हणाल्या. “आणि तू महिनाअखेर जाणार.”

“हो.”

“तू डिंक आणायला गेलास तर हे असं. कायमचा गेलास की काय होईल? मी त्याच्या आईशी बोलते. पुढच्या वर्षी येऊ दे त्याला, थोडा मोठा झाला की.”

त्याची आई एका इस्पितळाच्या धुलाईघरात काम करत असे. नोकरी नवी होती आणि घरी मुलाला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. पुढच्या वर्षी म्हणजे नोकरी सोडून, हे बाईंनाही ठाऊक होते. संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा बाईंनी तिला हे जमेल तितक्या मऊ शब्दांत सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग माझ्याकडे वळून, जराशी ओशाळून म्हणाली, “सर, तुमच्यावर त्याचा इतका जीव आहे हे मला माहीतच नव्हतं. घरी तो तुमचं नावही काढत नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले.

“मग त्यात काय,” आत्या रात्री पोळपाट पुसत म्हणाली. “पुरुषाची जात. मनातलं घरी कशाला सांगेल? तुझे आतोबा लग्नाआधी सहा महिने माझ्या घरासमोरून सायकलवरून जायचे. त्यांच्या आईला पत्ता नव्हता.”

“आत्या, तो चार वर्षांचा आहे.”

“तेही तेवढेच शहाणे होते.” तिने मला आपादमस्तक न्याहाळले. “तुला त्रास कशाचा होतोय नेमका? एक पोर तुझ्यावर माया करतं, हे तुला सिद्ध करून हवंय?”

“माया असती तर मी परत आल्यावर तो माझ्याकडे आला असता. तो कोटाकडे गेला.”

“अरे, फिजिक्स शिकून बालवाडीत गेलास तेव्हाच तुझ्या बापाला म्हटलं होतं, हा तिथेही मोजपट्टी घेऊन जाणार.” मग ती थोडी मवाळ झाली. “कर काय करायचं ते. फक्त लेकराला रडवू नकोस.”

मोठ्या बाईंचे म्हणणेही तेच होते. “मूल आहे, प्रयोगशाळेतला बेडूक नव्हे,” त्या म्हणाल्या. मी वचन दिले की मुलाच्या वस्तूला हात लावणार नाही. हलवीन ते मोठ्यांचे कोट.

दुसऱ्या दिवशी माझा कोट कपाटात गेला आणि माझ्या खुंटीवर बाईंचा लागला. मी स्वतः मार्गिकेत, दिसेल असा उभा राहिलो. इतका उंच माणूस न दिसणे अवघड असते. कासव आला, बूट काढले, बाकावर चढला आणि आपला कोट बाईंच्या कोटावर लावून माझ्या पायांना वळसा घालून आत गेला. मला निष्कर्ष मिळाला आणि थोडे वाईटही वाटले. दोन्ही नोंदवणे आवश्यक आहे.

बाई काचेआडून पाहत होत्या. “बरं,” त्या म्हणाल्या, “तुझ्यावर नसेल जीव.”

“तुमच्यावरही नसावा.”

“आगाऊपणा नको.”

त्यानंतर माझा कोट त्याच रांगेत पार टोकाच्या खुंटीवर लावून पाहिला. कासव बाक ढकलत तिथवर नेऊ लागला. मला मदत करावी लागली. म्हणजे प्रश्न त्या खुंटीचाही नव्हता. वासाचा असावा असे बाईंना वाटले, पण त्यांच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास येई आणि माझ्या कोटाला आत्याच्या स्वयंपाकघराचा, आणि त्याला दोन्ही सारखेच चालले होते. एके दिवशी बाईंना बाहेर जायचे होते आणि मी कोट घरीच विसरलो होतो. वरची रांग मोकळी राहिली. त्या दिवशी कासवाने कोट काढलाच नाही. गळ्यापर्यंत बटणे लावून तो घामाघूम होत बसला. शेवटी बाहेरून परतलेल्या बाईंनी आपला कोट तिथे आणून लावला, तेव्हा त्याने बटणे सोडली. रांग मोकळी ठेवण्याचा प्रयोग मी ठरवून केला नसता, आणि पुन्हा तो होऊही दिला नाही.

एवढे कळले होते की त्याला आपल्या कोटाखाली एका मोठ्या माणसाचा कोट हवा असतो. कशासाठी, ते कळले नव्हते. महिना मात्र सरत आला होता, आणि त्याची आई रोज संध्याकाळी दारात पाय ठेवताच आधी बाईंचा चेहरा पाहू लागली होती.

उत्तराचा पहिला धागा छत्रीने दिला. छत्री ही वर्गातली सर्वांत बोलकी मुलगी. ती झोपेतही तक्रारी करत असे. माशांना खाणे घालण्याची मुलांची पाळी असे आणि त्या दिवशी कासवाची होती. मी त्याला हाक मारली. तो आला नाही. छत्री तत्परतेने पुढे झाली.

“त्याची पाळी मीच करते नेहमी. त्याला मासे नको असतात.”

“का नको असतात?”

“त्याला कोट बघायचा असतो.”

“आधी मासे बघावे, मग कोट बघावा.”

छत्रीने माझ्याकडे दयेने पाहिले. “जिराफ, मासे बघताना पाठ होते ना कोटाकडे. कोट दिसत नाही.” आणि तिने गरजेपेक्षा बरेच जास्त खाणे पेटीत टाकले.

मुले झोपल्यावर मी पेटीसमोर गुडघ्यांवर बसलो, चार वर्षांच्या मुलाच्या उंचीवर. छत्रीचे म्हणणे खरे होते. पेटीकडे तोंड केले की दार, मार्गिका आणि खुंट्या सगळे पाठीमागे जाई. माशांची पेटी तिथे ठेवण्याचे कारणच ते होते. मी तसाच उठून ऑफिसात गेलो.

“बाई, कासवाच्या पहिल्या आठवड्यात नेमकं काय झालं होतं?”

“सगळ्यांचं होतं तेच. आई त्याच्याबरोबर येऊन बसायची. तो सारखा तिच्याकडे बघायचा. ती जरा इकडेतिकडे झाली की मी त्याला मार्गिकेत दाखवायची, ‘तो बघ आईचा कोट. कोट आहे ना, म्हणजे आई आहे.’ लगेच शांत व्हायचा. समजूतदार.”

“कोट कुठे असायचा?”

“वरच्या रांगेत. तू तेव्हा आला नव्हतास.”

“मग?”

“मग एक दिवस मासे दाखवले.”

“आणि तो वळला तेव्हा?”

बाई उत्तर द्यायला लागल्या आणि थांबल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तेव्हा कोट नव्हता,” त्या म्हणाल्या.

“रडला?”

“नाही. म्हणून तर मला वाटलं, गुणी मूल आहे.”

शेजारच्या खोलीत एक मूल झोपेत खोकले.

“बाकीची मुलं रमतात रे माशांनी,” बाई म्हणाल्या. त्या स्वतःचा बचाव करत नव्हत्या. हिशेब तपासून पाहत होत्या.

“रमतात. याने मात्र तुमचं वाक्य खरं मानलं. कोट आहे म्हणजे माणूस आहे.”

“आणि अजूनही आई रोज त्याचे बूट निघेपर्यंत गुपचूप सटकते. मीच सांगितलंय तिला. निरोप घेऊ नका, मुलं रडतात.” त्यांनी चष्मा पुन्हा घातला. “उद्या तिला थांबवते.”

मी रात्री आत्याला सांगितले. तिने माझ्या ताटात न मागता भाजी वाढली. “दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो,” ती म्हणाली. “यासाठी तुला इतके कोट हलवावे लागले?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मार्गिकेत घाबरून उभी होती. “तो रडला तर मला निघवणार नाही,” ती म्हणाली.

“रडेलच,” बाई म्हणाल्या. “आपण त्याला रडायची संधीच दिली नव्हती. कोट काढ तुझा, लाव इथे.”

तिने कोट लावला. कासवाने बूटही न काढता बाक गाठला आणि आपला कोट त्यावर लावला, घाईघाईने, दोन्ही हातांनी दाबून. आई खाली बसली. तिने त्याला सांगितले की ती आता कामावर जाणार आहे; आधी जेवण होईल, मग झोप, मग अंगणात खेळणे, आणि खेळून झाले की ती दारात असेल. मग उठून तिने त्याचा कोट काढला, त्याच्या हातात दिला, त्याच्या देखत स्वतःचा घातला, बटणे लावली आणि म्हणाली, “येते मी.”

कासव रडला. साधे, मोठ्याने, चार वर्षांच्या मुलासारखे रडला. आई रस्त्यावर जाऊन थबकली. बाईंनी खिडकीतून हाताने ‘जा’ अशी खूण केली, आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे डोळे पुसले. कासव कोट छातीशी धरून बाकावर बसला. मी शेजारी बसलो. काही वेळाने त्याने कोटाच्या बाहीला नाक पुसले आणि विचारले, “जेवण कधी?”

खेळून झाल्यावर आई दारात होती. त्याने धावत जाऊन तिला मिठी मारली नाही. आधी तिच्या कोटाची बाही धरून पाहिली, मग तिचा हात धरला.

रडणे पुढचे काही दिवस चालले आणि रोज थोडे कमी झाले. एका सकाळी छत्रीने वर्गाला बातमी दिली, “कासवाने कासवावर कोट लावला.” सगळी मुले पाहायला गेली. कोट तिथे होता, थोडा तिरका. त्याच दिवशी होडीच्या हातातला माशांच्या खाण्याचा डबा एकाने हिसकावून घेतला आणि तो कासव होता हे कळल्यावर मोठ्या बाईंना त्याला रागावताना हसू आवरेना. संध्याकाळी त्यांनी त्याच्या आईला सांगितले की आता पुढच्या वर्षाची गोष्ट नको, तो आहे तिथेच राहू दे. आईने मान हलवली, कासवाच्या कोटाची बटणे लावली, चुकली, पुन्हा लावली.

माशांची पेटी आहे तिथेच राहिली. फक्त आता मासे दाखवायचे ते आई सांगून गेल्यावर.

माझ्या शेवटच्या दिवशी नियम मलाही लागू झाला. मी सगळ्या मुलांना सांगितले की मी जाणार आहे आणि उद्या येणार नाही. छत्रीने माझ्या जागी आता कोण येणार याची चौकशी केली आणि तो उंच असावा असे सुचवले. मी मार्गिकेत आलो तेव्हा कासव मागोमाग आला आणि बाकावर बसून मी कोट घालताना पाहू लागला.

“एक विचारू?” मी म्हणालो. “तू तुझा कोट माझ्या कोटावर का लावायचास?”

त्याला प्रश्न फारच सोपा वाटला असावा. “वरचा काढल्याशिवाय खालचा निघत नाही.”

“आणि वरचा तुझा.”

“हो.”

“म्हणजे तुला कळल्याशिवाय मला जाता येऊ नये.”

“तू गेलास पण,” तो म्हणाला. “डिंक आणायला.”

“चुकलंच ते.”

त्याने मान्य केले. मग पाय हलवत विचारले, “आता सांगून जातोयस ना?”

“हो.”

“मग जा.”

मी वाकलो तेव्हा त्याने माझ्या कोटाचे राहिलेले वरचे बटण लावून दिले. त्याला बराच वेळ लागला आणि मी घाई केली नाही.

कारण असे होते. त्याला सांगितले गेले होते की कोट खुंटीवर आहे तोवर माणूस आहे. मग त्याची पाठ वळलेली असताना आईचा कोट नाहीसा झाला आणि आईही. त्यावरून त्याने ठरवले की मोठ्या माणसाचा कोट मोकळा सोडायचा नाही. आणि त्याच्या स्वाधीन असलेली, वर ठेवता येण्याजोगी वस्तू एकच होती, त्याचा स्वतःचा कोट. माझाच कोट त्याने निवडला, कारण त्या रांगेत दुसरा नव्हता.